घरच्या मीडिया सर्व्हरचा डेटाबेस बिघडतो तेव्हा

तुमच्या घरी प्लेक्स किंवा जेलिफिनचा सर्व्हर चालत असेल, तर एक प्रयोग मनातल्या मनात करून बघा. डिस्कवरच्या सगळ्या व्हिडिओ फायली जागच्या जागी आहेत, एक बाइटही इकडचा तिकडे झालेला नाही. फक्त एक फाइल, असेल काहीशे मेगाबाइटची, वाचता येईनाशी झाली आहे. टीव्ही लावल्यावर काय दिसेल? बहुतेक काहीच नाही. सर्व्हर सुरूच होणार नाही, किंवा सुरू होऊन रिकामी लायब्ररी दाखवेल. चित्रपट आहेत, पण कुठला कुठे आहे हे सांगणारं कोणी उरलेलं नाही.

ती एक फाइल म्हणजे सर्व्हरचा डेटाबेस. या लेखात आपण तिची निगा राखणारं आणि वेळ आली तर ती दुरुस्त करणारं एक छोटं साधन कसं बांधायचं ते पाहू. पॉडकास्टवर बोलताना पायऱ्या तोंडी सांगितल्या की अर्ध्या हवेत विरतात, म्हणून हे लिहून. थोडंफार प्रोग्रामिंग येत असेल तर उत्तम. येत नसेल तरी दुसऱ्याने लिहिलेलं साधन वापरण्याआधी त्याला कोणते प्रश्न विचारायचे, एवढं तरी यातून नक्की कळेल.

आधी ठरवा: काय परत मिळतं आणि काय नाही

दुरुस्तीच्या कोडआधी एक यादी करायची. डेटाबेसात जे जे आहे त्याचे तीन थर असतात.

पहिला थर उसना आणलेला. चित्रपटाचं नाव, पोस्टर, कलाकार, सारांश. हे सगळं सर्व्हर टीएमडीबीसारख्या सार्वजनिक संग्रहातून इंटरनेटवरून आणतो. गेलं तर पुन्हा स्कॅन करायचं, रात्रभरात परत येतं.

दुसरा थर सवयीचा. कोणी काय पाहिलं, कुठल्या मिनिटाला थांबवलं, कुठल्या भागापर्यंत आलो. हा परत आणता येत नाही, पण गेला तर आठवडाभर चिडचिड होईल, इतकंच.

तिसरा थर हाताने लिहिलेला, आणि परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत हा थर बराच जाड असतो. भारतातून आणलेल्या व्हीएचएस कॅसेट पॅल पद्धतीच्या. अमेरिकेतले जुने व्हीसीआर एनटीएससीचे. त्यामुळे अनेकांनी त्या खटपट करून, पैसे मोजून डिजिटल करून घेतल्या. मग कोणीतरी बसून नावं दिली: "मावशीचं लग्न, सातारा, कॅसेट दुसरी". मुंज, बारसं, सोसायटीच्या गणेशोत्सवातलं नाटक, आजीने सांगितलेल्या ओव्या. व्हिडिओ कॉलवर आजोबांना विचारून विचारून कोण कोण आहे ते लिहून घेतलं: "डावीकडून तिसरे, नाना, बडोद्याहून आलेले." ही माहिती कुठल्याही टीएमडीबीवर नाही. ज्यांना विचारून लिहिली ती माणसंही पुढे असतीलच असं नाही.

साधन बांधताना सगळे निर्णय या यादीवरून घ्यायचे. पहिला थर वाचवण्यासाठी तिसऱ्याला धक्का लागत असेल तर तो सौदा तोट्याचा आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण दुरुस्तीच्या नावाखाली नेमका हाच सौदा नकळत होतो. कसा, ते पुढे येईलच.

कीर्द आणि खतावणी

प्लेक्स, जेलिफिन आणि कोडी हे तिघंही एसक्यूलाइट वापरतात (कोडीला हवं तर मायएसक्यूएलही जोडता येतं). एसक्यूलाइट रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिलं. ते तेव्हा अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठीच्या एका कामावर होते. तिथे डेटाबेसचा वेगळा सर्व्हर बंद पडला की त्याच्यावर अवलंबून असलेला प्रोग्रामही ठप्प व्हायचा. म्हणून त्यांनी वेगळा सर्व्हर लागतच नाही असा डेटाबेस बनवला: एक फाइल, आणि ती वाचणारी एक लायब्ररी. आज तुमच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्येही तोच असतो.

ही फाइल सारख्या आकाराच्या पानांची बनलेली असते. २०१६ पासून पानाचा ठरलेला आकार ४०९६ बाइट आहे, पण तो बदलता येतो. काही पानांवर प्रत्यक्ष नोंदी असतात. काही पानांवर फक्त "अमुक ते तमुक नोंदी अमक्या पानावर" असे पत्ते असतात. काही पानं इंडेक्सची, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशा सूचीची. आणि काही रिकामी, पूर्वी वापरलेली आणि आता मोकळी झालेली.

आता बदल कसा लिहिला जातो ते बघा. जुन्या मराठी दुकानदारीत दोन वह्या असत. दिवसभराचा व्यवहार झाला तसा कीर्दीत लिहायचा, आणि मग सवडीने तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचा. एसक्यूलाइटमध्ये २०१० साली आलेली 'वॉल' पद्धत थेट अशीच आहे. नवा बदल आधी मूळ फाइलशेजारच्या वॉल फाइलमध्ये लिहिला जातो, ही कीर्द. ठराविक वेळाने तो मूळ फाइलमध्ये उतरवला जातो, ही खतावणी. शेजारी एसएचएम नावाची तिसरी छोटी फाइल असते. कीर्दीत काय कुठे लिहिलंय हे चटकन सापडावं म्हणून ठेवलेली ती चिठ्ठी समजा.

यावरून एक गोष्ट लगेच लक्षात येईल. सर्व्हर चालू असताना फक्त मूळ फाइल कॉपी केली तर तुमच्याकडे कीर्दीशिवायची खतावणी येते. आज दुपारी लिहिलेली नावं त्यात नसतीलच, शिवाय कॉपी चालू असतानाच खतावणी उतरवली गेली तर अर्धी पानं जुनी आणि अर्धी नवी असलेली फाइल हाती येईल. आणि "ही वॉल फाइल काय कचरा पडलाय" म्हणून ती डिलीट केली, तर खतावणीत न उतरलेले व्यवहार कायमचे गेले.

बिघाड येतो कुठून

एसक्यूलाइट स्वतः फार चिवट आहे. सर्व्हरचा प्रोग्राम अचानक बंद पडला, अगदी वीज गेली, तरी पुढच्या वेळी उघडताना कीर्द पाहून तो सावरतो. मग डेटाबेस बिघडतात कसे? बहुतेक वेळा भोवतालच्या गोष्टी एसक्यूलाइटला दिलेला शब्द पाळत नाहीत म्हणून.

डिस्कला "हे खरोखर लिहून झालं का?" असं विचारल्यावर ती "झालं" म्हणते, पण प्रत्यक्षात माहिती अजून तिच्या तात्पुरत्या स्मृतीतच असते. स्वस्त यूएसबी पेट्या आणि रास्पबेरी पायमधली एसडी कार्डं यात अग्रेसर. त्याच क्षणी वीज गेली की पानांचा क्रम विस्कटतो.

दुसरं कारण म्हणजे नेटवर्कवरचं फोल्डर. व्हिडिओ नॅसवर ठेवायला हरकत नाही, पण डेटाबेस तिथे ठेवू नका. एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून एसक्यूलाइट कुलूप लावतो, आणि नेटवर्कवर ही कुलपं भरवशाची नसतात. वॉल पद्धतीला तर डेटाबेस वापरणारे सगळे प्रोग्राम एकाच यंत्रावर असावे लागतात.

तिसरं, डेटाबेसचं फोल्डर क्लाउडवर आपोआप सिंक होत असणं. सिंक करणाऱ्या प्रोग्रामला या फायली एकमेकींशी बांधलेल्या आहेत हे ठाऊक नसतं. तो एक आज नेतो, दुसरी उद्या आणतो.

आणि चौथं, खराब रॅम किंवा मरू घातलेली डिस्क. इथे कितीही दुरुस्ती केली तरी आठवड्याने तेच. म्हणून साधनाने डेटाबेसकडे वळण्याआधी डिस्कची स्मार्ट चाचणी वाचावी, आणि ती वाईट असेल तर तसं स्पष्ट सांगून आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यायला लावावी.

साधनाच्या पायऱ्या

*पायरी शून्य: सर्व्हर बंद आहे ना?* वापरणाऱ्याला नुसतं विचारू नका. माणूस घाईत "हो" म्हणतो. प्रोग्राम चालू आहे का आणि ती फाइल कोणी उघडून बसलंय का, हे ऑपरेटिंग सिस्टिमकडून खात्री करून घ्या. चालू असेल तर साधनाने तिथेच थांबावं. "तरीही पुढे जा" असा पर्याय देऊच नका.

*पायरी एक: जागा मोजा.* मूळची प्रत, नवी बांधलेली फाइल, मधला मजकूर आणि तात्पुरत्या फायली, असं सगळं धरून डेटाबेसच्या चौपट जागा मोकळी असल्याशिवाय मी काम सुरू करू देत नाही. नंतर येणाऱ्या व्हॅक्यूमलाच एकट्याला मूळ आकाराच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. अर्ध्यात डिस्क भरली तर आगीतून फुफाट्यात.

*पायरी दोन: प्रत.* डेटाबेस, वॉल आणि एसएचएम, तिन्ही फायली एकत्र, तारीख घातलेल्या फोल्डरमध्ये. ही प्रत फक्त वाचण्यासाठी अशी खूण करून बाजूला ठेवायची. पुढचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर. प्रयोगशाळेत मूळ नमुना फ्रीझरमध्येच राहतो आणि काम त्यातून काढलेल्या भागावर होतं, तसंच. बिघडलेला डेटाबेस नुसता उघडला तरी एसक्यूलाइट वॉल उतरवू शकतो, म्हणजे "फक्त बघतोय" म्हणताना फाइल बदलते. म्हणून तपासणीच्या आधी प्रत.

*पायरी तीन: निदान.* एसक्यूलाइटमध्ये दोन तपासण्या तयार मिळतात. 'क्विक चेक' पानांची रचना बघते. 'इंटिग्रिटी चेक' त्याशिवाय प्रत्येक नोंद आणि इंडेक्स एकमेकांशी जुळतात का हेही बघते, म्हणून तिला वेळ जास्त लागतो. सगळं ठीक असेल तर उत्तर एकच शब्द: ओके. नसेल तर तक्रारींची यादी येते, आणि आकडा दिला नाही तर ती शंभरावर थांबते. त्यामुळे "शंभरच चुका आहेत" असा अर्थ काढू नका.

या तक्रारी वाचून वर्गवारी करणं हे साधनाचं खरं काम. "अमुक ओळ इंडेक्समध्ये नाही" अशाच तक्रारी असतील तर दुखणं सूचीचं आहे, मूळ नोंदी शाबूत आहेत. तक्रार पानांच्या रचनेची असेल तर दुखणं खोल आहे. आणि "ही डेटाबेस फाइलच नाही" असं उत्तर आलं तर बहुधा फाइलची सुरुवातच खराब झाली आहे. प्रत्येक एसक्यूलाइट फाइलच्या पहिल्या सोळा बाइटमध्ये तिची ओळख लिहिलेली असते. ती बघून हे लगेच कळतं.

*पायरी चार: सौम्य औषध आधी.* दुखणं फक्त इंडेक्सचं असेल तर 'रीइंडेक्स' पुरतं. सूची फाडून मूळ नोंदींवरून पुन्हा लिहायची. काही हरवत नाही. शोधाची टेबलं म्हणजे सर्चसाठी बनवलेली शब्दसूचीही अशीच, मूळ नोंदींवरून पुन्हा बांधता येते. तिची डागडुजी करत बसू नका, नवी बांधा.

पानंच खराब असतील तर 'डंप': सगळ्या नोंदी मजकुराच्या रूपात बाहेर काढायच्या आणि त्यातून कोरी फाइल भरायची. इथे एक सापळा आहे. डंप ही एकच मोठी देवघेव म्हणून लिहिली जाते: सुरुवातीला "आरंभ" आणि शेवटी "कायम करा". पण वाचताना चूक आली तर शेवटची ओळ बदलून "रोलबॅक", म्हणजे सगळं मागे घ्या, अशी होते. असा डंप तसाच नव्या फाइलमध्ये भरला तर सगळ्या नोंदी आत जातात आणि शेवटच्या ओळीला सगळ्या बाहेर पडतात. हाती उरते रिकामी फाइल. आणि रिकामी फाइल इंटिग्रिटी चेकमध्ये अगदी छान पास होते! म्हणून साधनाने डंपची शेवटची ओळ वाचलीच पाहिजे.

डंप अपुरा पडला तर २०१९ साली एसक्यूलाइटच्या कमांड लाइनमध्ये आलेलं 'रिकव्हर'. ते पत्त्यांवर विसंबत नाही, एकेक पान चाळून नोंदी गोळा करतं. कुठल्या टेबलच्या होत्या हे न कळलेल्या नोंदी वेगळ्या 'लॉस्ट अँड फाउंड' टेबलात ठेवतं. मात्र पूर्वी डिलीट केलेल्या नोंदीही यातून परत येऊ शकतात, म्हणून याच्या निकालावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही.

तिसऱ्या थराच्या टेबलांसाठी मी एक जास्तीची पायरी ठेवतो. मधलंच एखादं पान खराब असेल तर नोंदी क्रमाने वाचताना तिथे वाट अडते. मग त्याच टेबलच्या नोंदी शेवटाकडून उलट क्रमाने वाचायच्या. वरून जितकं मिळेल तितकं, खालून जितकं मिळेल तितकं. मधे हरवलं ते किती क्रमांकापासून किती क्रमांकापर्यंत, हे अचूक कळतं.

यातलं काहीच जमलं नाही तर जुना बॅकअप. प्लेक्समध्ये दर तीन दिवसांनी डेटाबेसचा बॅकअप घेण्याची सोय आहे, आणि ती चालू असल्याची खात्री आजच करा. कधीकधी जुन्या बॅकअपवर ताज्या प्रतीतला फक्त तिसरा थर चढवणं हा सगळ्यात शहाणा मार्ग असतो.

*पायरी पाच: अदलाबदल.* नवी फाइल तपासून झाली की ती मूळ जागी ठेवायची. नवी फाइल त्याच डिस्कवर तयार करून मग फक्त नाव बदला. नावबदल एकतर पूर्ण होतो किंवा होतच नाही, अर्धवट राहत नाही. जुनी वॉल फाइल मात्र तिथून हलवा. नव्या खतावणीशेजारी जुनी कीर्द राहिली तर कुणाचे व्यवहार कुणाच्या खात्यावर चढतील सांगता येत नाही. आणि फाइलची मालकी तपासा. साधन सुडोने चालवलं असेल तर नव्या फाइलचा मालक रूट होतो, सर्व्हरला ती उघडता येत नाही, आणि तुम्हाला वाटतं दुरुस्ती फसली.

देवनागरीची कसोटी

आता तो नकळत होणारा सौदा.

समजा डंप आणि भरणा या दोन पायऱ्या तुम्ही विंडोजवर पाइपने जोडल्या: एका प्रोग्रामचा मजकूर थेट दुसऱ्याच्या तोंडात. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे ५.१ मध्ये, बाहेरच्या प्रोग्रामला पाइपने दिला जाणारा मजकूर सेटिंग न बदलल्यास आस्की रूपात जातो. आस्कीत देवनागरी नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. "मावशीचं लग्न" आत गेलं आणि बाहेर आली प्रश्नचिन्हांची रांग.

आता इंटिग्रिटी चेक चालवा. ओके. नोंदींची संख्या मोजा. तंतोतंत जुळते. इंग्रजी चित्रपटांची नावं? सगळी जागेवर. ज्याच्या लायब्ररीत इंग्रजीशिवाय काही नाही त्याला हे साधन निर्दोष वाटेल. पहिला थर पूर्ण वाचला, आणि तिसरा, ज्याच्यासाठी हा खटाटोप, गेला.

कारण इंटिग्रिटी चेक रचना तपासते, आशय नाही. एसक्यूलाइट नेहमीच्या मांडणीत पानांची बेरीज-पडताळणी साठवत नाही, त्यामुळे मजकुराच्या मधलं अक्षर बदललं तर त्याला ते कळायचं कारण नाही. ती जबाबदारी साधनाची.

यावर उपाय सोपे आहेत. पाइपच्या भानगडीत न पडता मजकूर यूटीएफ-८ फाइलमध्ये घ्या. मग दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तिसऱ्या थराच्या टेबलांत देवनागरी अक्षर असलेल्या नोंदी किती हे मोजा. शक्य असेल तिथे प्रत्येक नोंदीचा हॅश काढून जोडीने ताडून बघा. आकडे जुळले नाहीत तर अदलाबदल करायचीच नाही.

आणखी एक मोह टाळा: दुरुस्ती करता करता मजकूर "शुद्ध" करण्याचा. "दऱ्या" हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला सारखेच, बाइट वेगळे. दोन्ही एकसारखे करायची इच्छा होते, पण ते काम दुरुस्तीचं नाही. फायलींची नावं, प्लेलिस्ट, उपशीर्षकं कुठे कुठे त्याच बाइटवर जुळवलेली असतील सांगता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने मजकूर जसा होता तसा परत द्यावा.

देवनागरीचा आणखी एक धडा शोधाच्या टेबलात आहे. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या शोधसोयीचा मूळ शब्दतोड्या अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या युनिकोडमध्ये "अक्षर" या वर्गात येत नाहीत, "चिन्ह" या वर्गात येतात. म्हणून तो "आजी" शब्द वेलांटीपाशी तोडतो आणि उरतो फक्त "आज". "आजोबा" तोडले की "आज" आणि "ब". परिणाम असा की आजी शोधली तर आजोबाही हजर! सेटिंगमध्ये चिन्हांचे वर्ग जोडले की हे सुधारतं. पण ते सर्व्हर बनवणाऱ्याने करायचं असतं.

अशाच कारणांसाठी काही सर्व्हर क्रम लावण्याचे आणि शब्द तोडण्याचे आपले वेगळे नियम डेटाबेसात वापरतात. प्लेक्स हे त्यातलं एक. साध्या एसक्यूलाइटने तो डेटाबेस हाताळायला गेलात तर "असा क्रमनियम मला माहीत नाही" अशी तक्रार येते, आणि अनेकांना तो बिघाडच वाटतो. बिघाड नसतो, हत्यार चुकीचं असतं. प्लेक्सच्या सर्व्हरसोबत त्याचं स्वतःचं एसक्यूलाइट येतं, साधनाने तेच शोधून वापरावं. प्लेक्समध्ये मुख्य डेटाबेसशेजारी ब्लॉबचा दुसरा डेटाबेसही असतो. प्रत आणि तपासणी दोन्हींची करायची.

बिघडू नये म्हणून

दुरुस्ती वर्षातून एकदा लागली तरी खूप. निगा मात्र नियमित हवी. डेटाबेसातून नोंदी काढल्या तरी फाइल लहान होत नाही, पानं फक्त मोकळी म्हणून नोंदली जातात. 'व्हॅक्यूम' सगळ्या नोंदी नव्या फाइलमध्ये दाटीवाटीने लिहितं आणि मोकळी पानं टाकून देतं. 'ॲनालाइझ' टेबलांची आकडेवारी गोळा करतं, म्हणजे शोधताना कुठला इंडेक्स वापरायचा हे एसक्यूलाइटला नीट ठरवता येतं. मोठ्या लायब्ररीत दोन्हींचा फरक जाणवू शकतो.

पण व्हॅक्यूम हे औषध नाही. बिघडलेल्या फाइलवर ते मध्येच थांबू शकतं. म्हणून साधनात क्रम पक्का ठेवा: आधी तपासणी, ती ओके आली तरच व्हॅक्यूम. चालू सर्व्हरचा बॅकअप घ्यायचा असेल तर साधी कॉपी नको. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप सोय किंवा 'व्हॅक्यूम इंटू' वापरा. त्यात कीर्द आणि खतावणी दोन्ही हिशेबात धरली जातात.

साधनाचीच परीक्षा

ज्या साधनाने कधी बिघाड पाहिलाच नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या डेटाबेसच्या प्रती घ्या आणि त्या मुद्दाम मोडा. एकीच्या मधल्या पानावर शून्यं लिहा. एकीची सुरुवात पुसा. एकीचा शेवट कापा. एकीची वॉल फाइल दुसऱ्याच दिवसाची ठेवा. मग एक छोटा प्रोग्राम लिहून हजार प्रतींमध्ये हजार वेगवेगळ्या जागी बाइट बदला आणि साधन प्रत्येकीवर चालवा. आणि साधन काम करत असताना प्रत्येक पायरीवर ते बंद पाडा; मूळ डेटाबेस तरीही जसाच्या तसा सापडला पाहिजे.

निकाल बघताना "किती वेळा दुरुस्त झालं" याआधी "किती वेळा काही हरवलं असताना साधन 'सगळं ठीक' म्हणालं" हे मोजा. हा आकडा शून्य हवा. दुरुस्त करता आलं नाही असं सांगणारं साधन चालतं. त्याच्यापाशी तुमची मूळ प्रत असते आणि पुढचा मार्ग मोकळा राहतो. खोटं "ठीक" म्हणणारं साधन तुम्हाला ती मूळ प्रत आनंदाने डिलीट करायला लावतं.

म्हणून शेवटचा अहवाल माणसाला कळेल असा लिहा. "दुरुस्ती पूर्ण" एवढंच नको. "मुख्य टेबलातल्या चार नोंदी मिळाल्या नाहीत, त्यांचे क्रमांक हे; त्यातल्या तीन चित्रपटांच्या, पुन्हा स्कॅन केल्यावर येतील; एक घरच्या व्हिडिओची, तिचं वर्णन हाताने लिहावं लागेल; मूळ प्रत या फोल्डरमध्ये आहे" असं हवं. घरातल्या ज्या कोणी ते वर्णन लिहिलं होतं, त्यांना फोन करायची वेळ आहे हे त्या एका ओळीवरून कळतं.

आणि हे साधन बांधायचं अजून ठरत नसेल, तर त्यातला एक तुकडा तरी या शनिवारी लिहा. डेटाबेस फक्त वाचण्यासाठी उघडायचा, तिसऱ्या थरातली नावं, वर्णनं आणि तारखा काढायच्या, आणि प्रत्येक व्हिडिओशेजारी यूटीएफ-८ मधल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवायच्या. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. जेलिफिन आणि कोडीला अशी माहिती व्हिडिओशेजारच्या एनएफओ फायलींतून वाचता येते, त्यामुळे उद्या सर्व्हर बदलला तरी ती सोबत येईल. एकदा ती बाहेर आली की डेटाबेसात उरतात उसने आणि सवयीचे थर, आणि ते बिघडले तर फार तर एक रात्र जाते.